धीर आणि त्याची किंमत : ‘गुबार-ए-खातिर’चे एक पुनर्वाचन

प्रास्ताविक

कम्युनिटी कॉलेजात शिकविणाऱ्या प्रत्येकाला एक प्रसंग परिचयाचा असतो. सत्राच्या मध्यावर एखादा विद्यार्थी येणे बंद करतो. चौकशी केली तर कळते की वडिलांचे काम सुटले आहे, घरात कोणी आजारी आहे, किंवा मुलीच्या बाबतीत लग्नाची बोलणी चालू आहेत. आपण त्याला बोलावून घेतो आणि बहुधा एकच गोष्ट सांगतो, ‘हिंमत ठेव, सब्र कर, सगळे ठीक होईल.’ व्यक्तिमत्त्व विकासाच्या तासाला आपण जे धडे घेतो त्यांचाही मथितार्थ याहून वेगळा नसतो. गरिबीतून वर आलेल्या थोर पुरुषांच्या कथा त्यात असतात. कथेच्या शेवटी यश असते, आणि यशामुळे मधल्या दुःखाला अर्थ आलेला असतो.

हा उपदेश चुकीचा आहे असे म्हणण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु मनोबल म्हणजे नेमके काय, ते कोठून येते, ते कशावर टिकते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न या उपदेशात कधी विचारलेच जात नाहीत. ते विचारायचे तर चांगल्या साहित्यकृतीकडे जावे लागते. अशी एक कृती आपल्या अगदी जवळची आहे. मौलाना अबुल कलाम आझाद यांचा ‘गुबार-ए-खातिर’ हा पत्रसंग्रह उर्दूत असला तरी तो प्रामुख्याने महाराष्ट्राच्या भूमीवर, अहमदनगरच्या किल्ल्यात लिहिला गेला. ज्यांना उद्देशून ही पत्रे लिहिली ते गृहस्थ हैदराबादच्या इतिहासातले आहेत. बरकतपुऱ्यात, म्हणजे काचीगुडा स्टेशनच्या आसपासच्या या वस्तीत, मराठी आणि उर्दू बोलणारी घरे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. काचीगुड्याहून नांदेड, परभणी, मनमाडकडे गाड्या जातात आणि त्या वाटेवरची माणसे इथे स्थायिक झाली आहेत. अशा वर्गात हा ग्रंथ दोन्ही भाषांच्या मुलांपुढे ठेवता येतो. येथे त्याचे वाचन याच अंगाने केले आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली. मौलाना आझाद त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांना खास गाडीने अहमदनगरला नेण्यात आले. (२०२४ पासून या शहराचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. लेखात त्या काळचेच नाव वापरले आहे.) किल्ल्यात त्यांच्यासोबत पंडित नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, डॉ. सय्यद महमूद, असफ अली, आचार्य कृपलानी, महाराष्ट्राचे शंकरराव देव आदी नेते होते. खटला नव्हता, शिक्षा नव्हती आणि त्यामुळे सुटकेची तारीखही नव्हती. सुरुवातीला वर्तमानपत्र आणि पत्रव्यवहार दोन्ही बंद होते. एप्रिल १९४५ मध्ये मौलानांना बंगालमधील बांकुरा येथे हलविण्यात आले आणि १५ जून १९४५ रोजी त्यांची सुटका झाली. नेहरूंनी याच किल्ल्यात १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले.

मौलानांनी पत्रे लिहिली ती नवाब सदर यार जंग, अर्थात मौलाना हबीबुर रहमान खान शेरवानी यांना. शेरवानी मूळचे अलीगढकडचे, मोठे ग्रंथसंग्राहक. निजामाच्या राज्यात ते सदरुस्सुदूर, म्हणजे धर्मविषयक खात्याचे प्रमुख होते, आणि उस्मानिया विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही होते. आमच्या वर्गातील अनेक मुले रोज ज्या विद्यापीठाच्या भिंतीवरून जातात त्याच्याशी या ग्रंथाचे असे नाते आहे. पत्रे लिहिली गेली, पण पाठविली गेली नाहीत. तुरुंगातून ती बाहेर जाणे शक्यच नव्हते. ती कागदांच्या चळतीत साठत राहिली आणि सुटकेनंतर, १९४६ मध्ये, मुहम्मद अजमल खान यांनी ती ग्रंथरूपाने प्रकाशात आणली. ‘खातिर’ म्हणजे मन. आपल्या ‘खातरजमा’ या शब्दात तोच शब्द आहे. ‘गुबार’ म्हणजे धूळ. मनावर साचलेली धूळ, असा नावाचा साधा अर्थ.

या ग्रंथावर उर्दू समीक्षेत दोन आक्षेप वारंवार घेतले जातात. पहिला असा की ही खरी पत्रे नाहीत, पत्राच्या वेषातील निबंध आहेत. दुसरा असा की भाषा फारसी-अरबीने जड झाली आहे आणि शेरांची पेरणी अतोनात आहे. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु मनोबलाच्या प्रश्नाकडे पाहताना हेच दोष वेगळ्या प्रकाशात दिसू लागतात. त्याचा विचार पुढे येईल.

आनंद ही जबाबदारी

ऑगस्ट १९४२ मधील पत्रांत मौलाना एका प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा येतात. बाहेरचे सगळे काढून घेतल्यावर माणसाजवळ काय उरते? त्यांचे उत्तर असे की आनंदाची साधने बाहेर शोधण्याची सवय आपल्याला लागली आहे, वास्तविक त्यांचा उगम आत आहे. सूर्य तुरुंगातही उगवतो, चांदणे कैदी आणि मुक्त असा भेद करीत नाही. इथपर्यंतचा विचार नवा नाही. सूफी परंपरेत तो आहे, आपल्या संतांच्या वाङ्मयातही आहे. मौलाना जो पुढचा मुद्दा मांडतात तो मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. प्रसन्न राहणे ही केवळ आपली गरज नाही, ती नैतिक जबाबदारी आहे, कारण माणसाची मनःस्थिती त्याच्यापुरती राहत नाही. एकाच्या उदासीची सावली इतरांवर पडते. या संदर्भात ते फ्रेंच लेखक आंद्रे जीद याच्या आत्मचरित्राचा दाखला देतात.

हे वाक्य बारा माणसांच्या बंदिस्त जागेत लिहिले गेले आहे, हे विसरता कामा नये. तिथे एकाच्या चेहऱ्यावरची काळजी दिवसभर सर्वांना पाहावी लागत होती. म्हणून धीर ही तिथे खासगी गोष्ट उरत नाही, ती सामूहिक शिस्त होते. शिक्षकाला हा मुद्दा पटकन पटतो. आपणही रोज वर्गात शिरण्यापूर्वी चेहरा नीट करून घेतोच. पण याच विचारात एक धोका दडलेला आहे. आपला धीर ही इतरांप्रती जबाबदारी असेल, तर दुसऱ्याचे कोसळणे हा गुन्हा ठरतो का? ऑगस्टच्या पत्रांत हा प्रश्न नाही. तो एप्रिलच्या पत्रात येतो, आणि मौलानांच्या स्वतःच्या आयुष्यातून येतो.

लहान गोष्टींचे लक्ष

ऑगस्ट आणि एप्रिल यांच्यामध्ये जी पत्रे आहेत त्यांत ‘भारत छोडो’ आंदोलनाचा ऊहापोह जवळजवळ नाही. देशाच्या सर्वांत मोठ्या पक्षाचा अध्यक्ष पहाटेच्या चहाबद्दल लिहितो. तीन-चार वाजता उठून तो स्वतःच्या हाताने चिनी चहा करतो, त्यात दूध घालणाऱ्यांवर रागावतो. किल्ल्याच्या आवारातल्या रुक्ष जमिनीत फुलझाडे कशी लावली, कोणते फूल कधी उमलले हे लिहितो. तुरुंगाच्या अधीक्षकाला चांदबीबीच्या काळातील किल्लेदाराचे, चीता खानाचे, नाव देऊन टाकतो. इतिहास, धर्म, आत्मचरित्राचे वाङ्मय, क्रुसेडच्या काळातला फ्रेंच बखरकार जोंव्हील, असे विषय मधून मधून येतात.

आपल्याकडील तुरुंगवाङ्मयाशी तुलना केली तर वेगळेपण कळते. टिळकांनी मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिले. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्याच गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. या कृतींत लेखक भिंतींपलीकडे पाहतो, कधी तत्त्वज्ञानाकडे, कधी बालपणाकडे. ‘गुबार-ए-खातिर’मध्ये लेखक भिंतींच्या आतच पाहतो. खोलीचे जुने छत, चहाची पेटी, चटई, पाखरे. मनोबलाचा पहिला कच्चा माल इथे आहे. आपल्यावर लादलेल्या वेळापत्रकात आपण स्वतः निवडलेले एक वेळापत्रक घुसवायचे आणि समोर जे आहे त्याकडे पूर्ण लक्ष द्यायचे. पहाटेचा चहा हा तुरुंगाच्या नियमात नव्हता. तो मौलानांचा होता. म्हणूनच त्याच्याविषयी एवढ्या हौसेने लिहिले आहे.

मार्च १९४३ च्या मध्यावरची चिमण्यांची पत्रे तर उर्दू गद्यात प्रसिद्धच आहेत. खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली. कचरा खाली पडू लागला. मौलानांनी छत्री उगारून युद्ध पुकारले, पुढे बांबू हाती घेतला, आणि शेवटी हार पत्करली. मग तांदळाचे दाणे टाकून त्यांनी तह केला. हळूहळू पाखरे जवळ आली, अंगावर बसू लागली. त्यांना नावे मिळाली. विनोदी म्हणून हे पत्र वाचले जाते, आणि ते विनोदी आहेही. परंतु त्याच्या शेवटाकडे एक पिल्लू येते. ते कित्येक दिवस पंख टाकून, डोळे मिटून पडून असते. आई त्याला भरवीत राहते. त्याला उडता येईल असे कोणालाच वाटत नाही. आणि मग एके दिवशी ते अकस्मात पंख पसरते आणि उडून जाते. मौलानांचा निष्कर्ष असा की उडण्याची शक्ती त्याच्यात होतीच, फक्त तिची ओळख पटायची होती. आतली जाणीव जागी झाली आणि क्षणापूर्वी असमर्थ असलेला जीव आकाशात गेला.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकात हा उतारा सहज बसेल. ‘तुमच्यात शक्ती आहे, ती ओळखा.’ पण मौलानांनी काढलेला निष्कर्ष आणि मौलानांनीच केलेले वर्णन यांत किंचित अंतर आहे, आणि समीक्षेने तिथे थांबले पाहिजे. वर्णनात पिल्लाला भरविणारी आई आहे. खोलीचा मालक आता छत्री घेऊन धावत नाही, तो दाणे टाकतो. म्हणजे पिल्लू पडून होते त्या दिवसांत त्याला पडून राहता येईल अशी जागा होती. आतली शक्ती आतूनच जागी झाली, हे खरे. पण ती जागी होईपर्यंत कोणीतरी अन्न आणून देत होते, आणि ‘ऊठ’ म्हणून कोणी त्याला ढोसत नव्हते. आपण विद्यार्थ्यांना पिल्लाच्या उड्डाणाची गोष्ट सांगतो, आधीच्या दिवसांची सांगत नाही.

११ एप्रिलचे पत्र

ही पत्रे लिहून काही दिवस होतात न होतात तोच कलकत्त्याहून झुलेखा बेगम यांच्या गंभीर आजाराची बातमी आली. ९ एप्रिल १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. ११ एप्रिलचे पत्र या विषयावर आहे. सबंध ग्रंथ या पत्रासाठी वाचावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पत्रातील पहिली गोष्ट सर्वांना ठाऊक असते. सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास ती पुढे पाठविली जाईल, असे अधीक्षकाने सुचविले. मौलानांनी नकार दिला. आपल्याला सरकारकडे काहीही मागायचे नाही, असे त्यांनी सांगितले. चरित्रकार हा प्रसंग देतात आणि पुढे जातात. धैर्याचा पुतळा पूर्ण होतो.

परंतु मौलाना स्वतः तिथे थांबत नाहीत. ते पुढे जे सांगतात ते पुतळ्याला तडा देणारे आहे. त्या दिवसांत त्यांनी दिनक्रम बदलला नाही. जेवणाच्या वेळी ते सर्वांसोबत जेवायला बसले. दुपारी वर्तमानपत्र येई तेव्हा त्यात कलकत्त्याची काय बातमी असेल या धास्तीने काळीज धडधडे. म्हणून ते दाराकडे पाठ करून बसत, म्हणजे कागद घेऊन येणाऱ्याला चेहरा दिसू नये. वर्तमानपत्र हाती आले तरी ते घाईने उघडत नसत. आणि मग ते कबूल करतात की हा सगळा देखावा होता. मनातला अभिमान एक भूमिका वठवीत होता, कारण आपल्या सहनशीलतेवर डाग पडू नये असे त्याला वाटत होते. मन आवरले गेले, शरीर मात्र आतून ढासळत राहिले.

ऑगस्टच्या पत्रात प्रसन्नता ही जबाबदारी आहे असे म्हणणारा लेखक एप्रिलमध्ये त्या प्रसन्नतेचे शिवण उसवून दाखवतो. ऑगस्टचे विधान तो मागे घेत नाही. पण त्याखाली काय असते ते लपवीतही नाही. मनोबलावर लिहिलेल्या बहुतेक पुस्तकांत ही कबुली नसते. त्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की खंबीर माणसाला आतून काही होत नाही, आणि ज्या अर्थी मला होते आहे त्या अर्थी मी दुबळा आहे. मौलानांचे पत्र ही समजूत खोडून काढते. धीर आणि धडधड एकाच माणसात, एकाच दुपारी असतात.

कुराणातील हजरत याकूब यांचे उदाहरण इथे आठवते, आणि ‘तर्जुमानुल कुरआन’च्या कर्त्याला ते आठवले नसेल असे संभवत नाही. सूरह यूसुफमध्ये ‘सब्र-ए-जमील’, सुंदर धीर, हा शब्द याकूबांच्या मुखी आहे. आणि त्याच सूरहमध्ये पुत्राच्या दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाल्याचेही सांगितले आहे. धीर सुंदर होता म्हणून अश्रू आले नाहीत, असे तिथे म्हटलेले नाही. आपल्या बोलण्यात मात्र ‘सब्र कर’ याचा अर्थ बहुधा ‘रडू नकोस’ एवढाच उरला आहे.

झुलेखा बेगम यांचा धीर

याच पत्रात आणखी एक कबुली आहे. तिच्याकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मौलाना ऑगस्ट १९४२ मधील निरोपाचा क्षण आठवतात. मुंबईला निघताना पत्नी दारापर्यंत आली, ‘खुदा हाफिज’ म्हणाली आणि गप्प राहिली. ती नेहमीपेक्षा अधिक शांत होती. ही शांतता कोठून आली होती, याचा ते मागोवा घेतात. १९१६ मध्ये त्यांच्यावर पहिल्यांदा सरकारी कारवाई झाली, पुढे रांचीत स्थानबद्धता आली, तेव्हा तिला आपली घालमेल आवरता आली नव्हती. त्याबद्दल ते बराच काळ तिच्यावर नाराज राहिले. त्या घटनेने तिच्या जगण्याची रीतच बदलून टाकली. पुढे तिने कधीही आपले दुःख दिसू दिले नाही.

या तीन-चार ओळींत एका संसाराचा इतिहास आहे. झुलेखा बेगम यांचा धीर ऐतिहासिक अर्थाने खरा होता. १९२२ मध्ये मौलानांना एक वर्षाची शिक्षा झाली तेव्हा त्यांनी गांधीजींना तार करून कळविले की शिक्षा अपेक्षेपेक्षा कमी आहे, आणि पतीचे खिलाफत समितीचे काम आता आपण पाहू. ही तार एका समर्थ स्त्रीची आहे. पण ते सामर्थ्य ज्या शाळेत तयार झाले तिथे पहिला धडा पतीची नाराजी हा होता. छत्तीस वर्षांच्या सहजीवनात तिने रडण्याचा हक्क सोडून दिला. शेवटी ती एकटी आजारी पडली, तेव्हा पती शेकडो मैलांवर आपली भूमिका वठवीत होता. मौलाना हे सगळे स्पष्ट शब्दांत मांडत नाहीत. पण पत्नीच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी त्यांना ही जुनी नाराजी आठवते आणि ते ती कागदावर उतरवितात, याचा अर्थ तिची बोच त्यांना लागली होती असाच घ्यावा लागतो.

झुलेखा बेगम यांनी स्वतः काही लिहून ठेवलेले हाती असते तर ही कथा दुसऱ्या बाजूने वाचता आली असती. ती बाजू मराठीत आपल्याला अन्यत्र मिळते, आणि योगायोगाने त्याच अहमदनगरात. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४ पासून भागशः प्रकाशित) ध्येयवादी पतीच्या मागे राहिलेली स्त्री बोलते. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाईंवर जे कोसळले ते त्या झाकत नाहीत. त्या रडतात, चिडतात, भांडतात, आणि त्याच दमात स्वतःवर हसतात. त्यांच्या मनोबलात संयमाचे प्रदर्शन नाही. बोलून टाकण्याची मुभा त्यांनी स्वतःला दिली आहे. पुढे त्या नगर आणि राहुरी येथे मोठा संसार उभा करतात. कोसळण्याची परवानगी असलेले माणूस कमी टिकते, असा या दोन ग्रंथांच्या तुलनेतून निष्कर्ष निघत नाही. उलटच निघतो.

एका प्रसंगाची नोंद

हा ग्रंथ पुन्हा वाचण्याचे कारण वैयक्तिक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सायंकाळच्या वर्गात शिवणकामाचा अभ्यासक्रम करणारी एक विद्यार्थिनी होती. घरी आई आजारी असे. ती मराठी घरातली, पण बोलताना दखनी सहज बोले. एकदा तोंडी परीक्षेच्या वेळी तिला उत्तर आले नाही आणि ती सर्वांसमोर रडू लागली. प्रस्तुत लेखकाने तिला कोणतेही कठोर शब्द वापरले नाहीत. एवढेच म्हटले, ‘अशा रडण्याने आयुष्यात काही होत नाही. बाकीच्यांकडे बघ.’ आवाजात नाराजी होती. ती दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत येत राहिली. वर्गात कधीही रडली नाही. मग येणे बंद झाले. तिची आई त्या तीन आठवड्यांत गेली होती, हे नंतर कळले. तिने कोणालाच सांगितले नव्हते.

१९१६ च्या नाराजीचा उल्लेख वाचताना ती मुलगी आठवते. तिने आमच्याकडून धीर शिकला नाही. दाराकडे पाठ करून बसायला शिकली.

न पाठविलेली पत्रे

आता पहिल्या आक्षेपाकडे येऊ. ही खरी पत्रे नाहीत, असे टीकाकार म्हणतात. शेरवानींना ती मिळणार नव्हती, हे मौलानांना ठाऊक होते. तरी प्रत्येक वेळी ते शेरवानींना संबोधून सुरुवात करतात. निबंध लिहायचा होता तर तो थेट का लिहिला नाही?

याचे उत्तर मनोबलाच्या प्रश्नातच आहे, असे वाटते. मौलाना स्वभावाने एकांतप्रिय होते आणि ते हे अभिमानाने सांगतात. पण त्यांच्याही एकांताला एक कान हवा होता. न पोहोचणारे पत्रसुद्धा कोणाला तरी लिहिले जाते. ज्याला चहा कळतो, फारसी शेर कळतो, असा एक माणूस मनासमोर धरल्याशिवाय ते लिहू शकत नव्हते. शेरांची ती अतोनात पेरणीही याच दृष्टीने पाहता येते. हाफिज, उर्फी, गालिब, मीर हे त्या बंद खोलीतले सोबती होते. माणूस स्वतःच्या आतून शक्ती काढतो, असे आपण म्हणतो, पण त्या ‘आत’मध्ये किती माणसे, किती वाचन, किती भाषा साठलेली असते, हे मौलानांच्या पानोपानी दिसते. रिकाम्या मनातून मनोबल निघत नाही.

आणि झुलेखा बेगम गेल्यानंतर काय झाले? अहमदनगरहून लिहिलेली त्यानंतरची पत्रे अगदी मोजकी आहेत. कारावास मात्र आणखी दोन वर्षे होता. त्याच काळात त्यांची बहीण आबरू बेगम यांचेही निधन झाले. त्या मौनाबद्दल आपण तर्क करू नये. एवढे म्हणता येईल की खंबीर माणसालाही लिहिता येईनासे होते, आणि ते लपविण्यासाठी त्यांनी पुढे खोटी पाने भरली नाहीत.

११ एप्रिलच्या पत्राच्या शेवटी किल्ल्याच्या आवारातली एक जुनी कबर येते. ती कोणाची हे कोणाला माहीत नाही. इथे आल्यापासून शेकडो वेळा ती त्यांनी पाहिली होती. पण आता ती पाहताना तिच्याशी एक नवे नाते जडल्यासारखे वाटते, असे ते लिहितात. कलकत्त्यातली कबर त्यांना दिसणार नव्हती. त्यांनी समोरच्या अनोळखी कबरीला आपले दुःख दिले. चिमण्यांकडे, फुलांकडे लक्ष देण्याची जी सवय त्यांनी लावून घेतली होती तीच या क्षणी उपयोगी पडली, असे म्हणावेसे वाटते.

समारोप

या वाचनातून वर्गापुरते काय हाती लागते, ते थोडक्यात नोंदवितो.

‘गुबार-ए-खातिर’मधील मनोबल चार गोष्टींवर उभे आहे. स्वतः निवडलेला लहानसा दिनक्रम, समोरच्या वस्तूंकडे दिलेले लक्ष, मनासमोर धरलेला एक ऐकणारा, आणि आपला धीर काही अंशी देखावा आहे याची कबुली. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी आपण शिकवू शकतो. अर्धा तास का होईना, स्वतःच्या मर्जीचा वाचनाचा वा कामाचा वेळ ठरवायला सांगता येतो. कोणाला तरी उद्देशून, न पाठविण्याचे पत्र लिहायला सांगता येते. भाषेच्या तासाला हा स्वाध्याय आमच्याकडे घेतला जातो, पत्र मराठीत असो वा उर्दूत. ती पत्रे शिक्षकाने वाचायची नाहीत, एवढाच नियम असतो.

चौथी गोष्ट शिकविता येत नाही. ती शिक्षकाने आधी स्वतः करायची असते. आणि पाचवी गोष्ट हा ग्रंथ आपल्याला आपल्याच विरुद्ध शिकवितो. एका मोठ्या माणसाच्या नाराजीने एक स्त्री पुढचे सारे आयुष्य गप्प राहिली, हे त्या माणसाने स्वतः लिहून ठेवले आहे. ते आपण वाचले असेल, तर पुढच्या वेळी वर्गात कोणी रडू लागले की ‘सब्र कर’ म्हणण्यापूर्वी खुर्ची जवळ ओढून बसावे, आणि घरी काय झाले आहे ते विचारावे. पिल्लू उडेल तेव्हा उडेल.